अमेरिकेतली ‘सरकारी आरोग्यसेवा’: वाद नेमका कशावर आहे?

२०२५ साली १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस अमेरिकेच्या केंद्र सरकारचं कामकाज ठप्प होतं. लाखो कर्मचाऱ्यांचे पगार अडकले, विमानांची उड्डाणं कमी करावी लागली. या सगळ्याच्या मुळाशी होतं आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचं अनुदान. कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, ते वाढवलं होतं आणि ती वाढ २०२५च्या अखेरीस संपणार होती. डेमोक्रॅटिक पक्ष म्हणत होता, मुदत वाढवा, तरच सरकारच्या खर्चाच्या विधेयकाला पाठिंबा देऊ. रिपब्लिकन पक्ष तयार नव्हता. शेवटी सरकार सुरू झालं, पण वाढीव अनुदान गेलं ते गेलंच. ज्यांना ते मिळत होतं त्यांच्या खिशातून जाणारा हप्ता सरासरी दुपटीहून जास्त होईल, असा केएफएफ या आरोग्यधोरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचा अंदाज होता.

इथे बसून ही बातमी वाचणाऱ्याला दोन गोष्टींचं कोडं पडतं. इतक्या श्रीमंत देशात माणसं विम्याविना राहतातच कशी? आणि त्याहून मोठं कोडं म्हणजे, सरकार मदत करतो म्हणत असताना ‘सरकारी आरोग्यसेवा नको’ असं सामान्य माणसं का म्हणतात? त्यांना वेडं ठरवणं सोपं आहे, पण तसं केलं तर हा वाद कधीच कळणार नाही. त्यांच्या भीतीला कारणं आहेत. काही खरी आहेत, काही चुकीच्या माहितीवर उभी आहेत, आणि दोन्ही वेगळी करून बघायला हवीत.

‘सरकारी’ म्हणजे नक्की काय सरकारी?

या वादातला निम्मा गोंधळ एका शब्दाखाली तीन प्रश्न कोंबल्यामुळे होतो. हॉस्पिटल कोणाच्या मालकीचं? बिल कोण भरतं? आणि भाव कोण ठरवतं? ही तिन्ही कामं सरकारनेच करायला हवीत असं काही नाही.

ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तिथे हॉस्पिटलं सरकारी, पैसा करांतून, डॉक्टरकडे गेलं की बिल नाही. कॅनडात बहुतेक डॉक्टर स्वतःचा व्यवसाय करतात, हॉस्पिटलंही थेट सरकारी खातं नाहीत, पण बिल मात्र प्रांताचं सरकार भरतं. या पद्धतीला ‘सिंगल पेयर’ म्हणतात, म्हणजे पैसे देणारा एकच. जर्मनीत १८८३ पासून, बिस्मार्कच्या काळापासून, पगारातून वर्गणी कापून ती विमा निधींकडे जाते. असे निधी अनेक आहेत, सरकार फक्त नियम घालतं. स्वित्झर्लंडमध्ये तर विमा कंपन्या खाजगीच आहेत. मात्र १९९६ पासून प्रत्येकाने विमा घेणं सक्तीचं आहे आणि मूलभूत विम्यावर कंपनीला नफा कमावता येत नाही.

चारही देशांत जवळपास प्रत्येक माणसाला संरक्षण आहे, वाटा चार वेगळ्या आहेत. अमेरिकेतल्या प्रचारात मात्र या चौघांनाही ‘समाजवादी वैद्यक’ असं एकच लेबल लागतं. स्वित्झर्लंडला समाजवादी म्हटलेलं ऐकून तिथल्या बँकवाल्यांना नवल वाटेल, पण अमेरिकेत या लेबलाने निवडणुका फिरल्या आहेत.

एकाच शहरातले पाच रुग्ण

अमेरिकेत सरकार आरोग्यसेवेत नाही, असा आपल्याकडे समज आहे. तो खरा नाही, आणि का नाही ते पाहायला टेक्सस राज्यातलं ह्यूस्टन घेऊ. टेक्सस मेडिकल सेंटर नावाचा हॉस्पिटलांचा प्रचंड परिसर तिथे आहे. अपेंडिक्सचं दुखणं घेऊन पाच माणसं एकाच रात्री तिथे पोचली अशी कल्पना करा.

पहिला सत्तरीचा निवृत्त इंजिनिअर. त्याचं बिल मेडिकेअर भरतं. मेडिकेअर म्हणजे ६५ वर्षांवरच्यांसाठीचा केंद्र सरकारचा विमा. नोकरीत असताना त्याच्या पगारातून १.४५ टक्के यासाठी कापले गेले, तेवढेच मालकानेही भरले. हॉस्पिटल खाजगी संस्थेचं, पैसे सरकारचे.

दुसरी गरीब घरातली गरोदर बाई. तिला मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीची योजना, जिचा खर्च केंद्र आणि राज्य मिळून करतात.

तिसरा माजी सैनिक. तो त्याच आवारातल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात जातो. ते हॉस्पिटल केंद्र सरकारचं, डॉक्टर सरकारी पगारावर. थोडक्यात, ब्रिटिश पद्धतीची आरोग्यसेवा अमेरिकेच्या आतच चालू आहे, आणि तिच्यात सुमारे ९० लाख लोकांची नोंद आहे.

चौथी सॉफ्टवेअर कंपनीतली चाळिशीची नोकरदार. तिचा विमा कंपनीमार्फत. पण आधी डिडक्टिबलची रक्कम, म्हणजे विमा सुरू होण्याआधी वर्षभरात जेवढा खर्च स्वतः करावा लागतो ती, खिशातून जाणार. शिवाय हॉस्पिटल तिच्या विम्याच्या नेटवर्कमध्ये हवं, म्हणजे ज्यांच्याशी विमा कंपनीचा करार आहे त्या यादीत हवं.

पाचवा हॉटेलात वाढपी, तिशीचा, अविवाहित, मुलंबाळं नाहीत. त्याची कमाई गरिबीच्या रेषेखाली आहे. त्याला मेडिकेड मिळत नाही, कारण टेक्ससमध्ये मुलं नसलेला धडधाकट माणूस कितीही गरीब असला तरी त्या योजनेत बसत नाही. हप्त्यावरचं अनुदानही मिळत नाही, कारण ते गरिबीच्या रेषेच्या वरच्यांना आहे. म्हणजे थोडा जास्त कमावता तर मदत मिळाली असती. १९८६च्या कायद्यामुळे इमर्जन्सीत त्याला परत पाठवता येत नाही, पण नंतर बिल त्याच्या नावाने येतंच. त्याच्यासाठी शेवटचा आधार आहे बेन टॉबसारखं काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं हॉस्पिटल, जे स्थानिक मालमत्ता करावर चालतं. म्हणजे तेही सरकारीच.

पाचांपैकी चौघांच्या मागे कुठलं ना कुठलं सरकार थेट उभं आहे. चौथीच्याही विम्यावर करसवलत आहे, तिची गोष्ट पुढे येईल. २०२३ मध्ये अमेरिकेने आरोग्यावर सुमारे ४.९ लाख कोटी डॉलर खर्च केले, दरडोई १४,५७० डॉलर, देशाच्या एकूण उत्पन्नाच्या १७.६ टक्के. यातला जवळजवळ निम्मा वाटा केंद्र आणि राज्य सरकारांचा होता. ‘आरोग्यसेवेत सरकार यावं का’ हा प्रश्न अमेरिकेत मेडिकेअर आणि मेडिकेड आले त्या १९६५ सालीच मागे पडला. आता प्रश्न आहे तो कोणासाठी यावं, किती यावं आणि भाव ठरवायचा अधिकार त्याला द्यावा का, हा.

विमा नोकरीला कसा चिकटला?

अमेरिकेची ही घडी कोणी बसून आखलेली नाही. १९२९ मध्ये डॅलसच्या बेलर हॉस्पिटलची खाटा रिकाम्या राहतात ही अडचण होती आणि शिक्षकांना बिलं परवडत नव्हती. हॉस्पिटलने शिक्षकांशी करार केला: महिन्याला ५० सेंट भरा, वर्षातून २१ दिवसांपर्यंत हॉस्पिटलचा खर्च आमच्याकडे. ‘ब्लू क्रॉस’ या नावाने पुढे पसरलेल्या विम्याचं मूळ इथे आहे.

मग महायुद्ध आलं. १९४२ मध्ये महागाई आवरण्यासाठी सरकारने पगारवाढीवर बंधन घातलं. कारखान्यांना कामगार हवे होते, पण जास्त पगाराचं आमिष दाखवता येईना. विमा मात्र या बंधनातून वगळला होता. तेव्हा मालकांनी विमा द्यायला सुरुवात केली. मालक भरतो तो हप्ता कामगाराचं उत्पन्न धरायचा नाही, त्यावर कर लावायचा नाही, हे १९५४च्या करकायद्याने पक्कं केलं. त्यामुळे १०० डॉलर पगार म्हणून घेण्यापेक्षा विमा म्हणून घेणं दोघांनाही परवडायला लागलं. १९५०च्या सुमारास डेट्रॉइटच्या मोटार कामगारांच्या युनियनने मोठे करार केले, आणि नोकरी म्हणजे विमा हे समीकरण घट्ट बसलं.

आज १५ कोटींहून अधिक अमेरिकनांचा विमा नोकरीतून येतो. २०२४ मध्ये अशा कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर होता. त्यातले ६,२९६ डॉलर कर्मचाऱ्याच्या पगारातून कापलेले दिसतात. उरलेले १९ हजारांवर डॉलर मालक भरतो, आणि ते पगाराच्या चिठ्ठीवर कापलेले दिसत नाहीत. अर्थतज्ज्ञांचं बहुतेक एकमत आहे की हे पैसेही शेवटी कर्मचाऱ्याच्याच संभाव्य पगारातून जातात. माझ्या मते या सगळ्या वादाची किल्ली या न दिसणाऱ्या आकड्यात आहे.

नोकरी सुटली की हे सगळं उघडं पडतं. जुनाच विमा काही महिने चालू ठेवायची सोय कायद्यात आहे, पण मग पूर्ण हप्ता आपण भरायचा आणि वर दोन टक्के. म्हणजे सरासरी कुटुंबाला महिन्याला दोन हजार डॉलरहून जास्त, तेही पगार बंद झालेला असताना. एच-वन-बी व्हिसावर गेलेल्या आपल्याकडच्या अनेक घरांनी कपातीच्या काळात हा हिशेब घातला आहे. त्यांच्या डोक्यावर ६० दिवसांत नवी नोकरी शोधण्याची टांगती तलवार असते, आणि त्यात घरात कोणाची औषधं चालू असतील तर काळजी दुप्पट होते. ‘बाजारातला विमा म्हणजे स्वातंत्र्य’ हे ऐकलं की मला ही घरं आठवतात. विम्यासाठी नावडती नोकरी धरून ठेवणाऱ्याला कसलं आलंय स्वातंत्र्य?

विरोध जुना आहे

राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी नोव्हेंबर १९४५ मध्ये सर्वांसाठी राष्ट्रीय विमा सुचवला. अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने त्याविरुद्ध कंबर कसली, सभासदांकडून प्रत्येकी २५ डॉलर जमवले आणि प्रचाराची व्यावसायिक कंपनी नेमली. शीतयुद्धाच्या वातावरणात ‘समाजवादी’ हा शिक्का पुरेसा होता. १९६१ मध्ये याच संघटनेसाठी रोनाल्ड रेगन यांच्या भाषणाची तबकडी काढली गेली, आणि डॉक्टरांच्या बायकांनी शेजारणींना कॉफीला बोलावून ती ऐकवली. वृद्धांसाठीची सरकारी योजना आली तर स्वातंत्र्य जाईल, असा तिचा सूर होता.

तरीही ३० जुलै १९६५ला लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअर आणि मेडिकेडच्या कायद्यावर सही केली. त्यासाठी ते मुद्दाम ट्रूमन यांच्या गावी, मिझुरीतल्या इंडिपेंडन्सला गेले आणि पहिलं कार्ड ८१ वर्षांच्या ट्रूमन यांना दिलं.

या कायद्याची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. दक्षिणेकडच्या हॉस्पिटलांत तेव्हा काळ्या आणि गोऱ्या रुग्णांचे वॉर्ड वेगळे होते, अनेक ठिकाणी काळ्यांना प्रवेशच नव्हता. सरकारने सांगितलं, वर्णभेद ठेवाल तर मेडिकेअरचे पैसे मिळणार नाहीत. पैशाचा प्रश्न आल्यावर १९६६च्या पहिल्या काही महिन्यांत हजाराच्या आसपास हॉस्पिटलांनी ते वॉर्ड एक केले. बिल भरणाऱ्याच्या हातात केवढी ताकद असते, हे यापेक्षा स्पष्ट क्वचितच दिसलं असेल.

‘मी ठणठणीत आहे, मी का भरू?’

हा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो, आणि माणूस म्हणून तो समजतोही. यासाठी आपल्या सोसायटीची लिफ्ट डोळ्यांसमोर आणा. तळमजल्यावरचे म्हणाले, आम्ही लिफ्ट वापरत नाही, आम्ही पैसे देणार नाही. सोसायटीने मान्य केलं. बाकीच्यांचा वाटा वाढला. मग पहिल्या मजल्यावरचे म्हणाले, एवढे पैसे देण्यापेक्षा आम्ही जिना चढू. वाटा आणखी वाढला, दुसऱ्या मजल्यानेही अंग काढून घेतलं. शेवटी सातव्या मजल्यावरच्या दोन म्हाताऱ्या घरांवर सगळा खर्च आला आणि लिफ्ट बंद पडली. आता तळमजल्यावरच्याचा पाय मोडला आणि त्याला गच्चीलगतच्या मुलाच्या घरी राहायला जावं लागलं, तर?

विम्यात नेमकं हेच होतं. निरोगी लोक बाहेर पडले की आजारी उरतात, हप्ता वाढतो, आणखी लोक बाहेर पडतात. २०१० पूर्वी अमेरिकेत स्वतःहून विमा घेऊ पाहणाऱ्याला कंपन्या आधीच्या आजाराचं कारण देऊन नाकारायच्या, कारण त्यांना फक्त खालचे मजले हवे होते. २३ मार्च २०१०ला बराक ओबामा यांनी सही केलेल्या कायद्याने, ज्याला सगळे ‘ओबामाकेअर’ म्हणतात, ही नाकारणूक बंद केली. सोबत दोन गोष्टी आणल्या: विमा न घेणाऱ्याला दंड, आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना अनुदान. २०१७च्या करकायद्याने तो दंड शून्यावर आणला, २०१९ पासून तो लागत नाही. तेव्हापासून निरोगी माणसं अनुदानामुळेच टिकून होती. म्हणून २०२५च्या अखेरीस वाढीव अनुदान संपणं ही केवळ काहींचा हप्ता वाढण्याची बातमी नव्हती. खालचे मजले बाहेर पडण्याची ती भीती होती.

एक खुलासा इथेच करायला हवा. ओबामाकेअर हा सरकारी विमा नाही. त्यात विकले जाणारे विमे खाजगी कंपन्यांचे आहेत. सरकारनेही एक विमा बाजारात विकायला ठेवावा, ज्याला हवा त्याने घ्यावा, हा ‘पब्लिक ऑप्शन’चा प्रस्ताव त्या वेळी होता. सिनेटमध्ये एकेक मत मोलाचं होतं. सिनेटर जो लिबरमन यांनी पाठिंबा नाकारला आणि तो प्रस्ताव गळला.

तिढा भावाचा आहे

अमेरिकन माणूस इतरांपेक्षा जास्त वेळा डॉक्टरकडे जातो, म्हणून खर्च जास्त, असं वाटू शकतं. तसं नाही. प्रिन्स्टनचे अर्थतज्ज्ञ उव्हे राइनहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये श्रीमंत देशांची तुलना करून दाखवलं की फरक मुख्यतः किमतींचा आहे. तोच एमआरआय, तीच शस्त्रक्रिया, तीच गोळी, पण दर कितीतरी चढा.

कारण सरळ आहे. मेडिकेअर हॉस्पिटलला सांगतं, या शस्त्रक्रियेचे एवढे देऊ. हॉस्पिटलला ते मान्य करावं लागतं, कारण इतके वृद्ध रुग्ण सोडणं परवडत नाही. खाजगी विमा कंपनीला मात्र प्रत्येक हॉस्पिटलाशी घासाघीस करावी लागते, आणि शहरातली सगळी मोठी हॉस्पिटलं एकाच गटाच्या हातात असतील तर तिचं काही चालत नाही. रँड या संशोधन संस्थेच्या २०२४च्या अहवालानुसार खाजगी विमे हॉस्पिटलांना मेडिकेअरच्या सरासरी अडीचपट पैसे देतात.

औषधांचं तर विशेषच होतं. २००३ मध्ये मेडिकेअरमध्ये गोळ्या-औषधांचा समावेश झाला, पण औषध कंपन्यांशी भावाबद्दल बोलणी करायची नाहीत, अशी बंदी त्याच कायद्यात सरकारवर घातली गेली. जगातलं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक, आणि भाव करायला मनाई! ती बंदी २०२२च्या कायद्याने अंशतः उठली. मेडिकेअरमधल्यांना इन्सुलिनसाठी महिन्याला ३५ डॉलरहून जास्त द्यावे लागत नाहीत, आणि बोलणी करून ठरवलेले पहिल्या दहा औषधांचे दर १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले.

मला स्वतःला हा मार्ग पटतो. हॉस्पिटलं सरकारी करा की करू नका, हा वाद चालू राहो. पण जो बिल भरतो त्याला भाव विचारायचा हक्क हवा, यात समाजवाद कुठे आला?

‘पण मग रांगा लागतील’

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. कॅनडात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतं. इंग्लंडमध्ये उपचारांच्या प्रतीक्षायादीत अलीकडे ७० लाखांहून अधिक नोंदी राहिल्या आहेत. अमेरिकेच्या घरातलं उदाहरणही आहे. २०१४ मध्ये ॲरिझोनातल्या फीनिक्सच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात खरी प्रतीक्षायादी लपवून कागदोपत्री सगळं ठीक दाखवल्याचं उघड झालं. देशभर संताप उसळला आणि त्या खात्याचे मंत्री एरिक शिनसेकी यांना राजीनामा द्यावा लागला. सरकारी यंत्रणेवर विश्वास का ठेवावा, असं एखादा माजी सैनिक विचारतो तेव्हा त्याच्यापाशी कारण असतं.

मात्र जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्येही सर्वांना विमा आहे, आणि तिथे अशा लांब रांगा नाहीत. रांग लागते ती डॉक्टर, खाटा, यंत्रं पुरेशी नसतील तेव्हा, आणि त्यांच्यावर किती पैसा ठेवायचा हे ब्रिटन-कॅनडाने आपापलं ठरवलेलं आहे. अमेरिकेतही थांबणं आहेच. विमा कंपनीच्या पूर्वमंजुरीसाठी थांबणं, डिडक्टिबल परवडत नाही म्हणून तपासणी पुढे ढकलणं. ही रांग कुठल्याही यादीत नोंदली जात नाही, म्हणून तिचा आकडा भाषणात येत नाही.

‘कर किती वाढेल ते सांगा’

हा सगळ्यांत जड प्रश्न, आणि त्याला बगल देणाऱ्या नेत्यांनी स्वतःच्याच बाजूचं नुकसान केलं आहे. व्हर्माँट हे छोटं, उदारमतवादी राज्य. तिथे २०११ मध्ये सिंगल पेयरचा कायदा झाला. राज्यपाल पीटर शमलिन त्याचे कट्टर समर्थक. हिशेब मांडल्यावर निघालं की मालकांवर पगाराच्या ११.५ टक्के आणि नागरिकांवर उत्पन्नाच्या ९.५ टक्क्यांपर्यंत नवा कर लावावा लागेल. डिसेंबर २०१४ मध्ये शमलिन यांनी स्वतःच योजना गुंडाळली. कोलोरॅडोत २०१६ मध्ये अशाच प्रस्तावावर जनमत घेतलं, तेव्हा पाचांपैकी जवळपास चार मतदारांनी नकार दिला.

आता मघाचा न दिसणारा आकडा इथे आणून ठेवा. व्हर्माँटचा कर लागला असता तर हप्ता गेला असता. अनेक कुटुंबांचा एकूण खर्च तेवढाच राहिला असता किंवा कमी झाला असता. पण हप्ता मालकाच्या आड लपलेला, आणि कर मात्र डोळ्यांसमोर. लोक दिसणाऱ्या खर्चाला घाबरतात.

सिनेटर बर्नी सँडर्स यांच्या ‘सर्वांसाठी मेडिकेअर’ या देशभर सिंगल पेयर आणण्याच्या प्रस्तावाचंही असंच झालं. २०१८ मध्ये मर्केटस सेंटर या संशोधन संस्थेसाठी चार्ल्स ब्लाहाउस यांनी हिशेब केला की केंद्र सरकारचा खर्च दहा वर्षांत ३२.६ लाख कोटी डॉलरने वाढेल. विरोधकांनी हा आकडा उचलला. त्याच हिशेबात, सगळ्या हॉस्पिटलांना मेडिकेअरचा दर दिला असं धरलं तर देशाचा एकूण खर्च किंचित कमी होत होता, तो सँडर्स यांनी उचलला. ब्लाहाउस यांचं म्हणणं असं की इतका कमी दर देऊन हॉस्पिटलं चालतील हे गृहीतच धरता येणार नाही. त्यांची शंका रास्त आहे. खाजगी विम्याकडून मिळणाऱ्या अडीचपट दरावर ज्यांचा गाडा चालतो, त्यांना एका रात्रीत मेडिकेअरच्या दरावर आणलं तर खेड्यापाड्यातली हॉस्पिटलं आधी बंद पडतील. म्हणूनच मला टप्प्याटप्प्याने जाणं बरं वाटतं.

‘नवी औषधं कोण शोधणार?’

अमेरिकेतल्या औषधांच्या किमती इतर विकसित देशांच्या सरासरी पावणेतीनपट आहेत, आणि त्या नफ्यातून संशोधन होतं हे खरं. किमती खाली आणल्या तर काही औषधं निघणार नाहीत. किती? २०२२च्या कायद्याबद्दल संसदेच्या अंदाजपत्रक कार्यालयाचा अंदाज होता की पुढच्या ३० वर्षांत जी सुमारे १३०० नवी औषधं येतील त्यांतली १३ कमी येतील. एखाद्या रुग्णासाठी त्या तेरांपैकी एक मोलाचं असू शकतं. पण परवडत नाही म्हणून इन्सुलिन पुरवून पुरवून घेणारे रुग्णही तितकेच खरे आहेत.

हातातलं जाण्याची भीती

इतकं असूनही बदल का होत नाही? दहांपैकी नऊ अमेरिकनांकडे काही ना काही विमा आहे. तो महाग असेल, अपुरा असेल, पण हातात आहे. १९९३ साली बिल क्लिंटन यांची योजना आली तेव्हा विमा कंपन्यांनी टीव्हीवर ‘हॅरी आणि लुईस’ या मध्यमवर्गीय जोडप्याच्या जाहिराती दाखवल्या. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ते आपल्या विम्याचं काय होणार याची काळजी करत. योजना पडली. ओबामांनी ‘तुमचा विमा आवडत असेल तर तो राहील’ असं वचन दिलं, आणि २०१३ मध्ये लाखो लोकांना त्यांचे जुने विमे रद्द झाल्याची पत्रं आली. ते वचन खोटं ठरलं आणि त्याची किंमत त्यांच्या पक्षाला मोजावी लागली.

२००९ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या एका सभेत एका माणसाने आपल्या खासदाराला बजावलं होतं की माझ्या मेडिकेअरपासून सरकारने हात दूर ठेवावेत. मेडिकेअर सरकारचंच आहे म्हणून देशभर त्याची थट्टा झाली. मला ती थट्टा पटत नाही. चाळीस वर्षं पगारातून पैसे कापून घेतलेल्या माणसाला ती योजना स्वतःची वाटते, आणि नव्या लोकांना सामावून घेताना आपला वाटा कमी होईल ही त्याची धास्ती होती. त्याला अडाणी म्हणून त्याचं मत कसं मिळणार?

मुलांकडे कायमचे जाणारे आईवडील

आपल्याकडून ग्रीन कार्डावर मुलांकडे राहायला जाणाऱ्या ज्येष्ठांना हा सगळा वाद एका व्यावहारिक प्रश्नातून भेटतो: आम्हाला मेडिकेअर मिळेल का? अमेरिकेत नोकरी न केलेल्या ६५ वर्षांवरच्या ग्रीन कार्डधारकाला साधारणपणे सलग पाच वर्षं तिथे राहिल्यावर मेडिकेअर विकत घेता येतं, आणि त्याचा हप्ता बऱ्यापैकी असतो. दहा वर्षं काम करून कर भरलेल्यांना मेडिकेअरमधला हॉस्पिटलच्या खर्चाचा भाग बिनहप्त्याचा मिळतो, डॉक्टरांच्या खर्चाच्या भागासाठी मात्र २०२५ मध्ये महिन्याला १८५ डॉलर होते. मधल्या पाच वर्षांची सोय आधीच करून ठेवायला हवी. भेटीसाठीच्या व्हिसावर गेलेल्यांना यातलं काहीच लागू नाही. त्यांचा आधार फक्त प्रवास विमा, आणि त्यात जुन्या आजारांबद्दल काय लिहिलंय ते इथूनच नीट वाचून निघावं.

पुढची लढाई मेडिकेडवर

४ जुलै २०२५ला डोनाल्ड ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्याने मेडिकेडवर अट घातली: बहुतेक राज्यांत, धडधाकट प्रौढांनी महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा केल्याचं दाखवायचं. १ जानेवारी २०२७ पर्यंत राज्यांनी ती लागू करायची आहे. काम करणाऱ्यालाच मदत मिळावी, हे ऐकायला पटतं, आणि अनेक सामान्य अमेरिकनांना ते पटलेलंही आहे.

आर्कान्सॉ राज्याने ही अट २०१८ मध्ये करून पाहिली होती. कामाचे तास सुरुवातीला फक्त वेबसाइटवरून भरायचे होते. ज्या लोकांकडे घरी इंटरनेट असेलच असं नव्हतं त्यांच्यासाठी केलेली ती वेबसाइट रोज रात्री नऊ ते सकाळी सात बंद असायची. दिवसपाळी करून घरी आलेल्याने तास भरायचे कधी? काही महिन्यांत १८ हजारांहून अधिक लोकांचा विमा गेला. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने ती अट थांबवली. नंतरच्या अभ्यासात दिसलं की विमा गमावणाऱ्यांपैकी बहुतेक जण एकतर काम करतच होते किंवा अटीतून सूट मिळण्यास पात्र होते, आणि अनेकांना असा काही नियम आलाय हेच माहीत नव्हतं. त्यांचा रोजगारही वाढला नाही.

आता तेच देशपातळीवर होणार आहे. एखाद्या राज्याने पगाराच्या सरकारी नोंदींवरून तास आपोआप जुळवले तर फारसं कोणी गळणार नाही. दर वेळी माणसालाच कागद आणायला लावले तर काम करणारेही गळतील. बातम्या वॉशिंग्टनच्या भाषणांच्या येतील, पण एखाद्या स्वयंपाक्याचा किंवा सफाई कामगार बाईचा विमा राहतो की जातो, ते त्या त्या राज्याच्या कार्यालयात या अर्जाचा नमुना कसा तयार होतो त्यावर ठरेल.